घर शांत आणि आपले वाटावे म्हणून : फ्लॅटमध्ये या चुका टाळा

गावाकडचे घर सोडून शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते, ती म्हणजे घरात सगळे आहे, पण घरी आल्यासारखे वाटत नाही. मग कुंड्या आणल्या जातात, भिंतीवर वारली चित्रे काढून घेतली जातात, हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा टांगला जातो, आणि तरीही दिवेलागणीच्या वेळची ती हुरहुर काही जात नाही. यात वस्तूंचा दोष नाही. कोकणातल्या घराची ओटी असो की देशावरच्या वाड्यातला चौक, यांपैकी एकही जागा केवळ शोभेसाठी नव्हती. प्रत्येक जागेला रोजचे काम होते आणि त्या कामानिमित्त माणसे तिथे येत, बसत, बोलत. आपण त्या जागेचे रूप तेवढे उचलून आणतो आणि काम मागे ठेवून येतो. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

गॅलरी आत घेण्याची घाई

ताबा मिळाला की गॅलरी आत घेऊन हॉल मोठा करणे हे आता जवळजवळ ठरलेले काम झाले आहे. महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हॉल चार फुटांनी वाढताना घर आणि बाहेरचे जग यांच्यामधली जागा नाहीशी होते, हे नुकसान मोठे आहे. जुन्या घरांत ही मधली जागा फार विचाराने राखलेली असे. कोकणात अंगण, पडवी, ओटी आणि मग माजघर. वाड्यात दिंडी दरवाजा, चौक आणि ओसरी. गोव्यात घराच्या दर्शनी भागी बल्कांव, जिथे दोन्ही बाजूंच्या बैठकांवर बसून रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस करता येते. अनोळखी माणूस ओटीपर्यंत येई, घरोब्याचा माजघरापर्यंत. आत न बोलावताही माणसाशी संबंध ठेवता येईल, अशी सोय घराच्या रचनेतच केलेली होती. फ्लॅटमध्ये असे काम करू शकणारी जागा म्हणजे गॅलरी, आणि नेमकी तीच आपण काच लावून बंद करतो.

गॅलरी आधीच आत घेतलेली असेल, तर निदान खिडकीचा प्रकार बदलता येतो का ते पाहावे. दोन तावदानांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते आणि वारा खेळता राहतो. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. घरातली एक तरी खुर्ची टीव्हीकडे तोंड करून न ठेवता खिडकीकडे, शक्य असल्यास एखाद्या झाडाकडे तोंड करून ठेवावी. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात आवर्जून सांगण्यासारखा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली होती. झाड आपल्या मालकीचे नसले तरी चालते, ते नजरेच्या टप्प्यात हवे.

तुळस पुन्हा पुन्हा का वाळते

आमच्या घरात पहिल्या दोन वर्षांत तीन तुळशी वाळल्या, आणि प्रत्येक वेळी घरातल्या थोरांच्या मनाला ते लागले. तुळस वाळणे म्हणजे काही अशुभ घडणार, अशी भीती अनेकांच्या मनात असते आणि त्या भीतीपोटी खरे कारण शोधलेच जात नाही. कारणे साधी असतात आणि झाडावरच दिसतात.

खोड मातीलगत काळपट, मऊ पडले असेल आणि खालची पाने पिवळी होऊन गळत असतील, तर पाणी जास्त होत आहे. चार माणसांच्या घरात प्रत्येकजण अंघोळीनंतर भक्तिभावाने एकेक लोटी पाणी घालतो, आणि आठ इंचांच्या कुंडीला रोज चार लोट्या पाणी मिळते. अंगणातल्या वृंदावनात ते पाणी खाली जमिनीत मुरत असे. कुंडीत ते मुळाशीच साचते आणि मुळे कुजतात. यावर उपाय असा, की पाणी घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि इतरांनी फुलपात्रातले चार थेंब वाहून नमस्कार करावा. मातीत बोट दोन पेरे घालून पाहावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. कुंडीच्या बुडाला भोक नसेल, तर ती कितीही सुबक असली तरी तुळशीच्या कामाची नाही. नुसत्या काळ्या मातीत शेणखत आणि थोडी जाडसर वाळू मिसळली की निचरा सुधारतो.

फांद्या लांबट, किडकिडीत होऊन एकाच बाजूला झुकत असतील आणि पाने बारीक येत असतील, तर ऊन कमी पडत आहे. तुळशीला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन लागते. उत्तरेकडच्या किंवा समोर दुसरी इमारत असलेल्या गॅलरीत ते मिळत नाही आणि अशा ठिकाणी हट्टाने चौथी, पाचवी तुळस आणत राहण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा इमारतीच्या आवारात जिथे ऊन येते, तिथे सर्वांचे मिळून एक वृंदावन बांधावे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात. त्या एका संध्याकाळी अंतरपाट धरायला, ऊस आणायला आणि मंगलाष्टके म्हणायला माणसे खाली उतरली, की घरोघरी स्वतंत्र लागणाऱ्या लग्नांपेक्षा त्याला जास्त रंग चढतो.

तिसरे कारण फार कमी जणांना ठाऊक असते. तुळशीला मंजिऱ्या आल्या की आपल्याला झाड बहरल्याचा आनंद होतो आणि आपण त्या तशाच ठेवतो. परंतु बी धरले की झाडाची सारी शक्ती त्यात जाते, नवी पालवी थांबते आणि काही आठवड्यांत झाड वाळू लागते. म्हणून मंजिरी कोवळी, हिरवी असतानाच तिच्या खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वर, अंगठा आणि तर्जनीच्या नखांत धरून हलकेच खुडावी. त्या जोडीच्या बेचक्यातून आठवड्याभरात दोन कोवळे फुटवे निघतात आणि झाड दाट होते. दोन-चार मंजिऱ्या मात्र बियांसाठी ठेवाव्यात. त्या तपकिरी झाल्यावर तळहातावर चोळल्या की खसखशीसारखे बारीक बी पडते. ते ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे, खोल पेरू नये. झाडाचे आयुष्य मुळातच दोन-तीन वर्षांचे असते, तेव्हा शेजारी नवे रोप वाढत असावे, हे उत्तम. लंडन किंवा टोरांटोसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी रात्रीचे तापमान दहा अंशांच्या जवळ येऊ लागले की कुंडी आत, दक्षिणेकडच्या खिडकीशी घ्यावी. तुळस थंडी सोसत नाही.

हवा शुद्ध करण्यासाठी कुंड्यांची गर्दी

नासाचा दाखला देऊन झाडे विकण्याची पद्धत सर्वत्र आहे. नासाने १९८९ साली प्रसिद्ध केलेला तो अभ्यास खरा आहे, पण तो लहान, हवाबंद पेटीत केलेला होता. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा उघड्या खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढे काम करून घेण्यासाठी दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी, आणि झाडे लावायची ती रोज सकाळी नवे पान आले का हे पाहण्याच्या ओढीने लावावीत. वीस कुंड्या आणून त्यांतल्या पंधरा वाळताना पाहण्याने मन खिन्न होते. मनी प्लांट, स्नेक प्लांट यांसारखी कमी उजेडात तगणारी दोन-तीन झाडे नीट सांभाळणे पुष्कळ चांगले. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून ती घासून ठेवावी, कारण डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होते.

पांढरा प्रकाश आणि घुमणारा आवाज

घराच्या सजावटीवर लाखो रुपये खर्च होतात आणि दिवे मात्र ६५०० केल्व्हिनचे, म्हणजे भर दुपारच्या उजेडासारखे निळसर पांढरे लावले जातात. असा प्रकाश रात्री डोळ्यांवर असला, की शरीराला झोपेची वेळ झाल्याचा संकेत उशिरा मिळतो. बसण्या-उठण्याच्या खोलीत संध्याकाळनंतर २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा, तोही छताऐवजी कोपऱ्यात कमी उंचीवर लावून पाहावा. स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर भरपूर उजेडच हवा. गुळगुळीत फरशी, काच आणि मोकळ्या भिंती यांच्यामुळे आवाज घुमतो आणि कुठल्याही मोठ्या आवाजाशिवाय डोके जड होते. जाड सुती पडदे, सतरंजी आणि भिंतीवर टांगलेली आजीची गोधडी हा घुमारा चटकन कमी करतात. गोधडी कपाटात जपून ठेवण्यापेक्षा ती अशी रोज डोळ्यांसमोर असावी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यातल्या लुगड्याचा प्रत्येक तुकडा कोणाचा, हे मुले विचारतातच.

सण घरात आणताना झाड तोडणे

ज्येष्ठ पौर्णिमेला वडाच्या फांद्या बाजारात विकायला येतात आणि घरीच कुंडीत खोचून त्यांची पूजा होते. वडाखाली जाणे, त्याच्या सावलीत इतर बायकांशी दोन शब्द बोलणे हाच ज्या व्रताचा जीव, त्यात वडच तोडला जातो. आपल्या भागातला जवळचा वड कोणता, हे माहीत करून घ्यावे आणि एकमेकींना सोबत घेऊन तिथे जावे. इमारतीच्या कुंपणाला लागून वड लावण्याचा मोह मात्र टाळावा. त्याची मुळे भिंत फोडतात. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली बरेचदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. आपट्याचे पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, कांचनाचे पान बरेच मोठे असते. सोने म्हणून एकच पान हातावर ठेवले तरी भेट पुरी होते, जुडग्याची गरज नसते.

कोणालातरी बाहेर ठेवून केलेला सोहळा

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदी-कुंकू होते, आणि त्याच मजल्यावर राहणाऱ्या, पती गेलेल्या बाईच्या दारावर मात्र थाप पडत नाही. ती घरात असते, जिन्यातली वर्दळ ऐकत असते. अनेक घरांनी ही रीत सोडली आहे आणि सर्व स्त्रियांना सारख्याच मानाने बोलावणे सुरू केले आहे. ज्यांच्याकडे अजून तसे झालेले नाही, त्यांनी यंदा निमंत्रण द्यायला स्वतः जावे, निरोपावर भागवू नये. तमिळ शेजाऱ्यांचा पोंगल त्याच दिवसांत येतो, त्यांनाही बोलवावे. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या देण्यापेक्षा घरी उगवलेले तुळशीचे रोप द्यावे. मात्र ज्यांच्याकडे ऊन येत नाही, त्यांना दुसरे काही द्यावे.

गणेशोत्सवात आरती ध्वनिमुद्रित लावणे हीही तशीच चूक आहे. यंत्रातली आरती बिनचूक असते, पण तिच्यामुळे टाळ हातात घेणारी मुले गप्प उभी राहतात. कडवे चुकले तरी तोंडाने म्हणावे, म्हणजे पुढच्या वर्षी पाठ होते. ध्वनिवर्धक लागलाच, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, याचे भान ठेवावे. कोणाच्या तरी घरात आजारी माणूस असतोच.

दिवाळीचा किल्ला आता तयार मिळतो. तो आणू नये. आवारात चिखल होतो ही तक्रार योग्य आहे, म्हणून समितीने आधीच एक कोपरा आणि एक नळ मुलांना नेमून द्यावा. विटा आणि दगडांची उतरंड रचावी, त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि चाळलेल्या मातीचा गारा हाताने थापावा. उतारांवर हळीव पेरायचे असल्यामुळे हे काम वसुबारसेच्या निदान पाच दिवस आधी उरकावे लागते. हळिवाला हाताने शिंपडून अगदी थोडे पाणी लागते, तांब्याने ओतले तर तटबंदी वाहून जाते, आणि सकाळी खाली उतरून ते शिंपडायला कोणी जायचे, याच्या पाळ्या मुले आपसांत ठरवतात.