क्लेम मंजूर, पण पैसे खात्यात नाहीत?
म्हापसा-मडगावच्या छोट्या नर्सिंग होमचे आरोग्य विम्याचे क्लेम ऑनलाइन मंजूर होऊनही पैसे अडकतात, तेव्हा आधी बँकेचा तपशील बघा. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, ११ अक्षरी असतो आणि पाचव्या जागी शून्य. तिथे ‘ओ’ टाइप झाला की पेमेंट अडकलेच. कॅनरा बँकेत विलीन झालेल्या सिंडिकेट बँकेचे ‘एसवायएनबी’ने सुरू होणारे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत, आता कॅनरा बँकेचा ‘सीएनआरबी’ लागतो.

खाते क्रमांक मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. एनईएफटीत (बँकेतून बँकेत ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या पद्धतीत) रक्कम क्रमांकावरूनच जमा होते, नाव जुळवून नाही. एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्याच खात्यात जाऊ शकतात.

जमा झाल्यावर यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक) क्लेम क्रमांकासमोर नोंदवा. रक्कम कमी दिसली तर आधी टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) वजा करून पाहा, मगच टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) कपातीचे कारण लेखी विचारा.