देकार्त पहिल्यांदा वाचताय? मग हे आधी

तत्त्वज्ञान विषय घेतला की सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तशी गाठ ठरलेली. माझा तो आवडता. शंका घेतो म्हणून नव्हे (ती कुणीही घेतं, रात्री दोननंतर तर हमखास), तर ती शिस्तीत घेतो म्हणून.

गाइडमध्ये तो 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' एवढ्यावर आटोपतात. त्यापेक्षा १६४१ सालचं 'मेडिटेशन्स' घ्या. छोटं पुस्तक आहे. पहिल्या प्रकरणातला क्रम पक्का करा. इंद्रियं कधीमधी फसवतात, पण त्यावरून हातातला कागद खोटा ठरत नाही. त्यासाठी स्वप्न लागतं: शेकोटीजवळ बसलोय असं वाटतं आणि असतो अंथरुणात. पण स्वप्नातही दोन आणि तीन पाचच होतात. मग गणितावरही शंका घ्यायची तर सगळी ताकद फसवण्यात घालणारा एक महाठक कल्पावा लागतो. आधीच्या शंकेतून जे सुटतं, ते पुढची पकडते. हे न बघता उत्तर लिहिलं की 'देकार्तला जगच खोटं वाटत होतं' असलं काहीतरी पेपरात उतरतं.

बरेच जण दुसऱ्या प्रकरणानंतर पुस्तक मिटतात. स्वप्नाचं उत्तर मात्र सहाव्यात, अगदी शेवटी येतं: जागेपणीचे अनुभव स्मृतीने उरलेल्या आयुष्याशी जोडता येतात, स्वप्नातले येत नाहीत. यावर त्याच काळातल्या हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने विचारलं, ही जोडणीही स्वप्नातच झाली तर? देकार्तचं म्हणणं, जोडल्याचं स्वप्न पडेल, खरी जोडणी होणार नाही. मला हॉब्ज वरचढ वाटतो. असे आक्षेप आणि देकार्तची उत्तरं मूळ पुस्तकाबरोबरच छापली होती. कॉटिंगहॅम यांच्या इंग्रजी अनुवादाच्या केंब्रिज आवृत्तीत त्यांतले निवडक उतारे मिळतात. ते सोडू नका, वाद कसा घालायचा ते तिथेच कळतं.

भारतीय दर्शनांचा पेपर असेल तर ब्रह्मसूत्रातलं 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्' (फरक असल्यामुळे जागेपणीचे अनुभव स्वप्नासारखे नाहीत) आणि त्यावरचं शांकरभाष्य शेजारी ठेवा. जागृतीचे अनुभव स्वप्नासारखेच, असं मानणाऱ्या विज्ञानवादी (बाहेरच्या वस्तू नाहीत, आहे ती फक्त जाणीव, असं म्हणणाऱ्या) बौद्धांना शंकराचार्यांचं उत्तर असं: स्वप्न जागं झाल्यावर बाधित होतं, म्हणजे खोटं ठरतं, जागेपणी दिसलेला खांब तसा होत नाही. आणि तरीही त्यांच्याच अद्वैतात जग शेवटी मिथ्याच. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, यावर प्रबंधाचा विषय सहज निघेल.