ई-पुस्तकाला भाव लावताना या चुका टाळा

रावेरचा केळीवाला बोर्डावरचा भाव आणि बागेत हातात पडणारा भाव यांतलं अंतर तोंडपाठ सांगतो. तोच माणूस कवितासंग्रहाचं ई-पुस्तक काढतो तेव्हा डोळे मिटून 49 रुपये ठोकतो. का, तर "बाकीच्यांचंही तेवढंच आहे." जळगावात बसून मी लोकांची ई-पुस्तकं ऑनलाइन दुकानांत चढवून देतो आणि हेच निस्तरत बसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे दुकानागणिक वेगळा भाव. चोपड्याच्या एका मास्तरांची कादंबरी आम्ही एका मोठ्या दुकानात (किंडलवर नव्हे) 149 ला लावली होती. दिवाळीत त्यांनी मला न विचारता ती एका ॲपवर 49 ला टाकली. "आठ दिवसात काढतो रे भो." काढायचं राहिलं. मोठी दुकानं इतरांच्या भावावर नजर ठेवून असतात, त्यामुळे तिथेही 49 झाले. लेखकाचा वाटा 70 टक्के, पण उतरलेल्या भावावर. प्रतीमागे 104 रुपये यायचे, ते 34 वर आले. ॲपवरचा भाव वाढवला तरी इकडचा हलेना, आणि मास्तरांचा रोज सकाळी फोन. शेवटी ॲपवरून पुस्तकच उतरवलं, स्क्रीनशॉट जोडून दुकानाला लिहिलं, तेव्हा गाडी रुळावर आली. तेव्हापासून भाव वाढवायचा असला की मी आधी छोट्या दुकानांत वाढवतो, दोन दिवस थांबतो, मग मोठ्यात. सगळे भाव वहीत, पेनानं.

दुसरी चूक, अटी न वाचता टिक करणं. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, भारतातल्या विक्रीचा 70 टक्के वाटा हवा तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, नाहीतर 35. पण सिलेक्ट म्हणजे 90 दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच नाही, व्हॉट्सॲपवर पीडीएफ विकणंही नाही. छापील प्रत खुशाल विका. मुदत आपोआप वाढते, तारीख लिहून ठेवा.

फोटो लहान करा. किंडलच्या 70 टक्क्यांच्या हिशोबात फाइलच्या वजनाचे पैसे कापतात.

सिलेक्टमध्ये पुस्तक फुकट वाटायला पाच दिवस मिळतात, ते पहिल्याच आठवड्यात उधळू नका. फुकट उतरवलेली पुस्तकं माझ्याही मोबाइलमध्ये न उघडता पडून आहेत.

आणि "ॲमेझॉननंही स्वस्तात विकूनच बाजार मारला" हे मला ऐकवू नका. 2007 साली किंडल हे ई-पुस्तक वाचायचं यंत्र आलं तेव्हा गाजलेली नवी पुस्तकं त्यांनी 9.99 डॉलरला विकली, कित्येक तर तोटा सोसून. त्यांना यंत्र खपवायचं होतं. तुम्हाला कुठलं यंत्र खपवायचंय?