स्पोर्ट्स कार घेताय? ठाणे-नवी मुंबईत नेहमी होणाऱ्या या चुका टाळा

हिशेब सोपा राहावा म्हणून एक्स-शोरूम दोन कोटींची, आयात न केलेली पेट्रोल गाडी धरू. ती परवडते का, हा प्रश्न इथे नाहीच. ज्यांना परवडते, तेच पुढच्या ठिकाणी दहा-वीस लाख उगाच घालवतात.

आरसी कोणाच्या नावावर, हे शेवटी ठरवणं

वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, कुठल्याही कारखानदाराला एक सल्ला हमखास मिळतो: "कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचतो." आरटीओच्या खिडकीवर नेमकं उलटं होतं. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या, आयात न केलेल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर एकरकमी कर 13 टक्के, कंपनीच्या नावावर सरसकट 20 टक्के. आपल्या दोन कोटींच्या गाडीवर वैयक्तिक नावाने 26 लाख होतात. कंपनीच्या नावाने 40 व्हायला हवेत, पण कराची कमाल मर्यादा 30 लाख आहे (1 जुलै 2025पूर्वी ती 20 होती), म्हणून फरक चार लाखांवर थांबतो. खरा फटका दीड कोटीच्या गाडीला. तिथे साडेएकोणीस विरुद्ध पुरे तीस, म्हणजे साडेदहा लाख जास्त.

आता वाचतं काय? अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट) नेहमीच्या कंपनीला मिळत नाही. घसारा मिळतो, वर्षाला 15 टक्के. पण गाडी त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली, तर पहिल्या वर्षी निम्माच, साडेसात टक्के. म्हणजे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी अर्धाच घसारा. मुहूर्त पाळायचा तर गुढीपाडव्याचा पाळा, पण तो एप्रिलमध्ये येत असेल तरच; मार्चमध्ये आला तर जुनंच आर्थिक वर्ष संपत असतं. दोन्ही बाजूंचे आकडे सीएकडून बुकिंगआधी मांडून घ्या. इन्व्हॉइस निघाल्यावर नाव बदलणं म्हणजे डोक्याला ताप.

इन्व्हॉइसमध्ये एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून गोळा केलेला कर) असतो. आपल्या उदाहरणात साधारण दोन लाख. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे, पण तो इन्व्हॉइसवरच्या पॅनवर जमा होतो. पैसे नवऱ्याच्या खात्यातून आणि इन्व्हॉइस बायकोच्या नावावर असेल, तर परतावाही तिच्याच रिटर्नमध्ये मागावा लागतो. अनेक जण मागायचंच विसरतात.

आणि पुदुचेरीच्या नंबरचा मोह सोडा. परराज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे राहिली की इथली नोंदणी आणि इथला कर लागतोच. रोज पाम बीचवर दिसणारी गाडी "पाहुणी" आहे हे कोणी मानत नाही.

विम्यात फक्त प्रीमियमकडे पाहणं

गाडी पूर्ण बाद झाली किंवा चोरीला गेली, तर आयडीव्ही (पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा-किंमत) मिळतो, तुमची ऑन-रोड किंमत नव्हे. आयडीव्ही एक्स-शोरूमवर काढतात आणि त्याची उतरण ठरलेली आहे: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या 30, चौथ्या 40, पाचव्या 50. आयडीव्ही पॉलिसी सुरू होतानाच ठरतो, म्हणून नव्या गाडीच्या पहिल्या वर्षात ती कधीही गेली तरी हातात सुमारे 1 कोटी 90 लाख. आरटीओत भरलेले 26 लाख त्यात कुठेच नाहीत. ते परत हवे असतील तर रिटर्न टू इन्व्हॉइस हे ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण) घ्यावं लागतं, आणि त्यात रोड टॅक्स धरलाय का, हे पॉलिसीच्या शब्दांत वाचावं लागतं.

झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं ॲड-ऑन) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर 50 टक्के कापले जातात, फायबरवर 30. या गाड्यांचं नाक आणि शेपूट प्लास्टिकचं असतं. नाक घासलं की अर्धं बिल खिशातून.

लीजचा फक्त मासिक हप्ता पाहणं

दीड कोटीचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे 3 लाख 11 हजार, आणि एकूण व्याज पावणेसदतीस लाखांच्या आसपास. लीजचा हप्ता याहून कमी दिसतो, कारण शेवटची शिल्लक किंमत त्यात धरलेली नसते. तुलना करायची तर एका कागदावर सगळी भाडी, त्यावरचा जीएसटी (गाडीला जो दर, तोच भाड्याला), डिपॉझिट आणि शेवटी गाडी ठेवायची असल्यास ती रक्कम, असं सगळं मांडा. करारात तीन कलमं शोधा: वर्षाची किलोमीटरची मर्यादा आणि वरच्या किलोमीटरचा दर, मुदतीआधी सोडल्यास दंड, आणि परत देताना कशाला "नुकसान" म्हणायचं. घासलेली रिम आणि खरचटलेलं पोट आपल्या रस्त्यांवर टळत नाही, आणि बिल तिथेच फुगतं. आरसी लीज कंपनीच्या नावावर असेल, तर वरचा 20 टक्क्यांचा कर तुमच्याच भाड्यात मिसळलेला असतो.

सोसायटीचा रॅम्प न मोजणं

ही चूक सगळ्यात स्वस्तात टळते, तरी कोणी टाळत नाही. अशा गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि जमीन यांतलं अंतर) बहुधा 100 ते 130 मिमी असतो. पोडियम पार्किंगचा रॅम्प जिथे संपून सपाट होतो, त्या कडेवर पोट टेकतं.

मोजायची रीत अशी. गाडीच्या क्लिअरन्सएवढ्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे घ्या. व्हीलबेसएवढ्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर (पोर्शे 911 असेल तर 2,450 मिमी) ते ठेवा आणि दोघांच्या माथ्यावरून सुतळी ताणून धरा. एक ठोकळा रॅम्पवर, दुसरा सपाटीवर, असं थोडं थोडं सरकवत जा. सुतळी कडेला कुठेही टेकली, तर पोट टेकणार. नुसती सुटली म्हणून खूश होऊ नका: दोन माणसं आणि भरलेली टाकी धरून किमान 20 मिमी मोकळे हवेत. फ्रंट लिफ्टवर इथे भिस्त ठेवू नका. 911मध्ये ती पुढचं नाक सुमारे 40 मिमी उचलते, मागची बाजू आहे तिथेच राहते. रॅम्पच्या पायथ्याशी नाक वाचवायला मात्र तिच्यासारखं काही नाही. बुकिंग करतानाच घ्या, नंतर बसवणं महागात पडतं.

गतिरोधकांचंही असंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंमी उंच, पण 3.7 मीटर रुंद असतो. गाडीची चारही चाकं त्यावर मावतात आणि मधला उंचवटा पोटाकडे चार-साडेचार सेंटिमीटरच येतो. घात करतात ते गल्लीत आणि सोसायटीत हाताने घातलेले अर्ध्या मीटरचे उंचवटे. ते तिरके, एकेक चाक चढवत ओलांडा.

पार्किंग स्टॅकचं (एकावर एक गाड्या ठेवणारं) असेल तर पॅलेटची आतली रुंदी आणि वजनाची मर्यादा लेखी मागा. आरसे धरून 911 दोन मीटरच्या आसपास भरते.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करणं

इंजिनाने पाणी ओढलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं आकुंचन पावत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडल्यावर दिलेला एक स्टार्ट पुरेसा असतो. अशा वेळी इग्निशन बंद, हॅझार्ड सुरू, आणि गाडी पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. दोरीने ओढू नका, मागची चाकं जमिनीवर फिरली तर गिअरबॉक्सला धोका. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारलं जातं, इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन लागतं. त्यातही पाण्यात पुन्हा स्टार्ट दिल्याचं सर्व्हेयरला दिसलं की वाद सुरू होतो.

उभी गाडी खर्च करत नाही असं समजणं

अलार्म आणि इमोबिलायझर बॅटरी खात राहतात. दोन-तीन आठवडे गाडी हलणार नसेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी भरलेली ठेवणारा) लावा. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जर तिच्यासाठीचाच हवा. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्या. खाडीच्या दमट हवेत ब्रेक डिस्कवर तांबूस गंज चढतो, तो पहिल्या काही हलक्या ब्रेकिंगमध्ये जातो. घाबरून डिस्क बदलायला जाऊ नका. पण ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच, गाडी दोनच हजार किलोमीटर फिरली असली तरी. ते हवेतला ओलावा ओढतं.

टायरचंही वय मोजा. कडेवर चार आकडे असतात: 3523 म्हणजे 2023चा 35वा आठवडा. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे (911च्या 992 पिढीतल्या करेरात 235/40 झेडआर19 आणि 295/35 झेडआर20), त्यामुळे पुढचे मागे करून आयुष्य वाढवता येत नाही. मागचे आधी जातात, आणि जोडीनेच बदलावे लागतात. पोर्शेला मान्य टायरवर एन0, एन1 अशी खूण असते. ती न पाहता आयत्या वेळी मिळेल तो एकच टायर घातला, तर महिन्याभरात दुसराही घ्यावा लागतो. स्टेपनी बहुतेकांत नसतेच. सीलंटची बाटली आणि कॉम्प्रेसर डिकीत आहे का ते पाहा, आणि बाटलीवरची मुदतही.