भेगाळलेले खडे घोटण्याआधी भेगा कशा भराव्यात

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातले अकीक (अॅगेट) वरून कितीही घट्ट दिसले, तरी हातोडीने फोडलेल्या तुकड्यात केसाएवढी भेग राहून गेलेली असते आणि खडे घोटायच्या फिरत्या पिंपात (टंबलरमध्ये) खडा नेमका तिथेच दुभंगतो. शिवाय भेगेत अडकलेली सिलिकॉन कार्बाइडची (खडे घासण्याच्या कठीण पदार्थाची) भरड पूड पुढच्या बारीक टप्प्यात बाहेर पडली, की चांगल्या खड्यांवरही ओरखडे उमटतात.

म्हणून खडा साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवावा आणि एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा, कारण ओलसर भेगेत इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) नीट धरत नाही. पाच मिनिटांत आवळणारे इपॉक्सी माझ्या मते या कामी निरुपयोगीच. ते आत उतरण्याआधीच घट्ट होते. सावकाश घट्ट होणारे पातळ इपॉक्सी घ्यावे, खडा उन्हात ठेवून कोमट करावा आणि काडीच्या टोकाने भेगेवर एक थेंब ठेवावा. थेंब हळूहळू आत शोषला जाऊन वर नुसती ओली रेघ उरते, तेव्हा दुसरा ठेवावा. अगदी बारीक भेगेला पातळ सायनोअॅक्रिलेटही (सुपरग्लू) चालते. हातमोजे विसरू नयेत.

किमान चोवीस तासांनीच खडे पिंपात टाकावेत. अकीकाची कठिणता मोह्स मापावर (खनिजांच्या कठिणतेचे 1 ते 10 असे माप) साधारण 7, तर इपॉक्सी त्यापेक्षा पुष्कळच मऊ, त्यामुळे भरलेली रेघ शेवटच्या झिलईनंतरही किंचित मंदच दिसते. भेग आरपार गेलेली असेल, तर ती भरत बसण्यापेक्षा खडा तिथेच तोडून दोन लहान खडे करणे बरे.