कॉन्ट्रास्टचे प्रयोग करताय? आधी या चुका टाळा

जानेवारी उजाडला की माझ्याकडे प्रोजेक्टवाली पोरं यायला लागतात. कुणी ऑप्टोमेट्रीचं, कुणी सायकॉलॉजीचं, कुणी इमेज प्रोसेसिंगवालं. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत माझी एक काळे पडदे लावलेली खोली आहे, एक बरा मॉनिटर आहे आणि डोळ्याला किती कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-काळ्यातला फरक, दिसतो हे मोजण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून येतात. चुका मात्र दरवर्षी त्याच. तोंडानं सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहूनच ठेवतोय.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे १२८. फाइलमध्ये ० काळा, २५५ पांढरा, मग १२८ म्हणजे अर्धा उजेड, बरोबर? चूक. मॉनिटर त्या आकड्याचा साधारण २.२ वा घात घेऊन उजेड बाहेर टाकतो, त्यालाच गॅमा म्हणतात, त्यामुळे १२८ ला पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड मिळतो. अर्धा हवा असेल तर १८६-१८८ पर्यंत जावं लागतं. जुन्या पिक्चर ट्यूबचा स्वभावच तसा होता, शिवाय डोळ्याला अंधाराकडच्या बारीक पायऱ्या जास्त कळतात, त्यामुळे ८ बिटात, म्हणजे ० ते २५५ च्या आकड्यांत, चित्र बसवायला ते सोयीचंच पडलं आणि एसआरजीबीनं, म्हणजे आजच्या स्क्रीन आणि फोटोंच्या नेहमीच्या रंग-मानकानं, तेच पुढे चालू ठेवलं. ट्यूब गेली, घात राहिला.

याचा दणका कसा बसतो ते सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी एम.एस्सी.ची दोन पोरं आली, प्रयोग सगळा कॉलेजातच उरकून. १८ जणांना बसवलेलं, दोन महिने गेलेले, आणि चेहऱ्यावर असं की काहीतरी मोठं हाती लागलंय. "काका, ग्राफ बघा ना एकदा." प्रयोग नेहमीचाच, वेगवेगळ्या जाडीचे काळे-पांढरे पट्टे दाखवायचे आणि किमान किती कॉन्ट्रास्टला दिसतात ते बघायचं. कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ मध्ये यावर जो पेपर लिहिला त्याला आजही सगळे धरून आहेत. जाड पट्टे जरा कमी दिसतात, नजरेच्या कोनातल्या एका अंशात काळ्या-पांढऱ्याच्या ३ ते ५ जोड्या असल्या की सगळ्यात चांगले दिसतात, मग दिसणं घसरत जातं आणि ५०-६० च्या आसपास संपतं, तिथून पुढे डोळ्याला नुसता सपाट करडा रंग.

यांचा ग्राफ संपतच नव्हता. एका अंशात ७९ जोड्या, आणि १८ च्या १८ जण म्हणतायत दिसतंय. रिपोर्टात कारणही लिहून तयार, "सहभागी तरुण असल्यामुळे". म्हटलं, तरुण आहेत की घारी आहेत?

तोच प्रोग्रॅम, तोच मॉनिटर, २४ इंची फुल एचडी, अडीच मीटरवर मी स्वतः खुर्ची टाकून बसलो. एक पिक्सेल काळा, एक पांढरा, त्याच्याभोवती १२८ चा करडा. पट्टे? एक पट्टा दिसेल तर शपथ. पण मधोमध एक लख्ख चकती मात्र चंद्रासारखी दिसत होती. साहजिक आहे, ० आणि २५५ ची सरासरी म्हणजे खरा ५० टक्के उजेड आणि बाजूची पार्श्वभूमी २२ टक्के, चकती दुपटीपेक्षा जास्त उजळ. मी चष्मा काढला, माझा नंबर साडेतीन आहे, तरी दिसली. तिथंच पोरांचे चेहरे पडले. लोकांनी पट्टे बघितलेच नव्हते, उजेड बघितला होता.

सगळं वाया गेलं नाही, तेही सांगतो. कमी कॉन्ट्रास्टला सरासरी फारशी हलत नाही, पण तिथं दुसरी गंमत होते, १२८ च्या आसपास तुम्ही १ टक्का म्हणून जे दाखवता ते स्क्रीनवर जवळजवळ २.२ टक्के असतं. तो मॉनिटर अजून होता आणि सेटिंगला कुणी हात लावला नव्हता, म्हणून उजेड मोजून जुने आकडे फिरवून घेतले. बारीक पट्ट्यांचा भाग कचऱ्यात. सबमिशनला नऊ दिवस होते.

तेव्हापासून माझी सवय अशी की प्रोग्रॅम बघायच्या आधी फोटोमीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, मागतो. ० ते २५५ मधल्या १७ पायऱ्यांना उजेड मोजायचा, कुठल्या आकड्याला किती उजेड याची यादी बनवायची, गॅमा सरळ व्हावा म्हणून ती उलटी लावायची, परत मोजायचं. हे परत मोजणं कुणीच करत नाही. फोटोमीटर नसेल तर एक-एक पिक्सेलचे काळे-पांढरे पट्टे आणि शेजारी सपाट करडा चौकोन ठेवा, लांब उभं राहून डोळे बारीक करा आणि दोन्ही एकसारखे दिसेपर्यंत करड्याचा आकडा बदला. तो १८६ च्या जवळ आला तर तुमचा गॅमा २.२ च्या जवळपास आहे. मी पट्टे आडवेच ठेवतो, ट्यूबच्या मॉनिटरवर उभ्या पट्ट्यांना दगा व्हायचा तेव्हाची सवय. "गॅमाचा फॉर्म्युला नेटवरून घेऊन लावलाय, चालेल ना?" असं विचारणाऱ्याला मी आधी मॉनिटरचा मेनू उघडायला लावतो, तिथं हमखास व्हिव्हिड मोड, म्हणजे चित्र भडक करणारं सेटिंग, चालू असतो, मग फॉर्म्युला कसला लागू पडतोय.

इमेजवाल्यांनीही हसू नये. दिवाळीत लायटिंगच्या माळांचा फोटो काढता आणि लहान केला की दिवे मलूल का होतात? कारण बरीच सॉफ्टवेअर फाइलमधल्या आकड्यांचीच सरासरी काढतात, उजेडाची नाही. आधी आकड्यांचा उजेड करा, मग लहान करा, मग परत आकडे. ब्लॅक अँड व्हाइट करतानाही लाल-हिरवा-निळा मिळवून भागिले तीन करू नका, डोळ्याच्या लेखी हिरव्याचा वाटा ७१.५२ टक्के असतो, लालचा २१.२६ आणि निळ्याचा फक्त ७.२२. आणि हे वाटे उजेडाचे, फाइलमधल्या आकड्यांचे नव्हेत, म्हणजे फिरून गॅमा आलाच.

दुसरी चूक आळसाची. एकीनं लॅपटॉपवरच प्रयोग घेतला, सकाळच्या लोकांचे आकडे छान आणि संध्याकाळच्यांचे पडलेले. तिनं डोळ्यांच्या थकव्यावर दोन पानं लिहिली, चांगली लिहिली होती खरं तर. लॅपटॉपचा नाइट लाइट, म्हणजे स्क्रीन पिवळट करणारं सेटिंग, रोज संध्याकाळी सातला आपोआप चालू होत होता! नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, बॅटरी सेव्हर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, हे सगळं बंद केल्याची चिठ्ठी मी मॉनिटरच्या कडेला चिकटवतो आणि रोज तारीख घालतो. पोरांना हे म्हातारपण वाटतं, वाटू दे.

खोलीतला उजेडही त्यातलाच. पांढरा १०० आणि काळा १ असेल तर कॉन्ट्रास्ट ९८ टक्के, हा मायकेलसनचा, म्हणजे फरक भागिले बेरीज. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडून दोन्हीत १०-१० मिसळला की ११० आणि ११, कॉन्ट्रास्ट ८२ टक्क्यांवर. फाइलमध्ये एक पिक्सेलसुद्धा हललेला नसतो. पडदे लावा. उकडतं, माहितीये.

आता "दिसतंय का?" हा प्रश्न. पुण्यात तो विचारूच नये. पेठेतल्या एका काकूंनी सुनावलं होतं, "न दिसायला काय झालंय?" आणि शेवटपर्यंत प्रत्येक चित्राला हो. उलट काहीजण इतके सावध की अगदी स्वच्छ दिसल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. त्यानं डोळा मोजला जात नाही, स्वभाव मोजला जातो. पाठोपाठ दोन चित्रं दाखवा आणि पट्टे कशात होते ते सांगायलाच लावा, कळलं नाही तर अंदाज ठोका म्हणावं. तीनदा ओळीनं बरोबर आलं की कॉन्ट्रास्ट खाली, एकदा चुकलं की वर, असं केलं की गाडी ७९ टक्के बरोबर उत्तरांच्या आसपास स्थिरावते. याला वेळ लागतो. दहा चित्रांत उरकणाऱ्यांनी दुसरा विषय घ्यावा, खरंच.

८ बिटांचा हिशोबही आधी करा. गॅमा सरळ केलेल्या स्क्रीनवर मधल्या उजेडाला सगळ्यात लहान पायरी ०.४ टक्क्याची पडते, चांगल्या डोळ्याची हद्द त्याच्याच आसपास असते, आणि गॅमा सरळ करायची ती यादी ८ बिटातच लावली तर काही पायऱ्या अजून गळतात. डिदरिंग शिका, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांत दोन पायऱ्या मिसळून मधली भासवायची युक्ती.

अंतराला ५७ सेंटिमीटर धरा, तिथं स्क्रीनवरचा १ सेंटिमीटर म्हणजे डोळ्याला १ अंश, पण माणूस हळूहळू पुढे सरकतोच, म्हणून मी टेबलाला मापाची सुतळी बांधलीय आणि दर पाच मिनिटांनी ती नाकापर्यंत ताणून बघतो. लोक हसतात.

ऑटो कॉन्ट्रास्ट मारून मग दोन फोटोंची तुलना करणाऱ्यांना तर मी चहाही विचारत नाही. त्यात हिस्टोग्रॅम, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आकड्यांचा पसारा, ताणला जातो आणि सपाट भागातला नॉइजही, म्हणजे नको असलेले ठिपकेही, तितकाच वर येतो, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत जेपीईजीचे ८ बाय ८ चे चौकोन दिसायला लागतात, त्यांना टेक्श्चर समजून मोजलेलं पाहिलंय मी.

मायकेलसन, वेबर की आरएमएस, कुठला कॉन्ट्रास्ट ते लिहा. पट्ट्यांना मायकेलसन, मोकळ्या पार्श्वभूमीवरच्या अक्षराला वेबर, म्हणजे फरक भागिले पार्श्वभूमी, फोटोला आरएमएस, म्हणजे सरासरीभोवती उजेड किती पसरलाय ते. नुसतं "कॉन्ट्रास्ट २०%" म्हणजे भाजी वीस रुपये, पाव किलो की जुडी?

आणि नजर ६/६ आहे, म्हणजे डोळ्यांच्या तक्त्यावर नॉर्मल आहे, म्हणून कॉन्ट्रास्टची नजर चांगलीच असणार, हे गृहीत धरू नका. मोतीबिंदूच्या सुरुवातीला माणूस तक्त्याची खालची ओळ वाचतो आणि तिन्हीसांजेला पायरी चुकतो. त्यासाठी १९८८ पासून पेली-रॉबसनचा तक्ता आहे, सगळी अक्षरं एकाच मापाची, दर तीन अक्षरांनी फिकट होत जाणारी.

खोली हवी असेल तर आठ दिवस आधी सांगा. गुरुवार सोडून, त्या दिवशी आमच्याकडे लाइट जाते आणि आल्यावर मॉनिटर अर्धा तास तापल्याशिवाय मी कुणाला बसवत नाही.