गाव पाठीशी, तोंड दक्षिणेला: माणदेशच्या माळावर रात्र काढताना

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेचाही भरवसा नसतो. दहिवडी, म्हसवड, तिथून खाली आटपाडी, जत ही सगळी माणदेशची पट्टी पर्जन्यछायेतली. इथल्या कोरड्या हवेचा एक फायदा कुणी हिशेबात धरत नाही: पावसाळा सरला की रात्री आभाळ धुतल्यासारखं मिळतं. तारे पाहायला लागणाऱ्या काळोखासाठी जैसलमेरच गाठायला हवं असं नाही.

तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, साधारण नऊच्या आसपास. तिथून पुढे चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे वद्य अष्टमीला मध्यरात्र होते. त्या रात्रीपासून शुद्ध तृतीया-चतुर्थीपर्यंतचे दिवस आपले. पौर्णिमेला माळावर चालायला मजा येते, पण आकाशगंगेची आशा धरू नका. महिने नोव्हेंबर ते मे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पूर्वेला ढग चढताना दिसले तर बेत सरळ रद्द करा. वळिवाची वीज उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू शोधते, आणि तिथे ती वस्तू तुम्हीच असता. झाडाखाली जाणं त्याहून वाईट.

जागा

बहुतेक जण इथेच चुकतात. गावापासून लांब गेलं की झालं, असं वाटतं. पण गाव कुठल्या दिशेला राहिलं हे अंतराइतकंच महत्त्वाचं. आपण साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. दिल्लीकरांना जे दक्षिणेचं आभाळ क्षितिजात बुडालेलं दिसतं किंवा दिसतच नाही, ते इथून चांगलं वर येतं. म्हणून दक्षिण बाजू काळोखी हवी. जवळच्या किंवा तालुक्याच्या गावाचा उजेड उत्तरेला, पाठीशी ठेवा. एखाद्या टेकडीचा दक्षिणेकडचा उतार मिळाला तर उत्तम: गावाचे दिवे टेकडी अडवते. ध्रुवतारा त्यात जाईल, जाऊ दे. उतारच निवडण्याचं दुसरं कारण थंडी. रात्री गार हवा जड होऊन ओढ्यात साचते. डिसेंबरात ओढ्याकाठी आणि 20 मीटर वरच्या उतारावर जाणवण्याइतका फरक पडतो.

पवनचक्क्यांपासून दूर राहा. ढालगाव, जत भागात त्यांचे लाल दिवे रात्रभर उघडझाप करतात आणि नजर तिकडेच ओढली जाते. कॅनॉलचं पाणी पोचलेल्या उसाच्या पट्ट्यातही जाऊ नका: डास, दव, पाचट पेटवल्याचा धूर, आणि कृष्णाकाठाकडे सरकलात तर उसातला बिबट्या. सागरेश्वरसारखं अभयारण्य रात्रीसाठी नाहीच. अंधार पडल्यावर तिथे थांबणं गुन्हा आहे. वनखात्याची कुरणं आणि आटपाडीचं संवर्धन राखीव क्षेत्र यांच्याबाबतही आधी वनरक्षकाला विचारा.

सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान. मालकाला विचारा आणि गावच्या पोलीस पाटलांना फोन करून किती माणसं, कुठली गाडी, किती वाजेपर्यंत हे सांगून ठेवा. रात्री माळावर बॅटऱ्या हलताना दिसल्या की गाव चोर समजूनच धावत येतं, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

उजेड असताना

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावा. बाभळी-बोरीचे काटे टायरमधून आरपार जातात, तेव्हा स्टेपनीत हवा आहे का हे घरीच बघा. मग बसायच्या जागेभोवती शंभर पावलांचा फेरा मारा. शोधायच्या तीन गोष्टी: कठडा नसलेली विहीर, शेततळं आणि डाळिंबाच्या बागेभोवतीची झटक्याची (विजेची) तार. यातलं शेततळं सगळ्यात फसवं. आतल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. यापैकी काहीही दिसलं तर जागा बदला. खुणेचा दोर बांधून भागत नाही, अंधारात तो कुणालाच दिसत नाही.

खाली जाड ताडपत्री, वर घोंगडी. घोंगडी थेट गवतावर टाकली की कुसळं लोकरीत अशी रुततात की पुढचा आठवडा वेचत बसा. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट आणि लांब पँट. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-ठेचा, थर्मासमध्ये चहा. चूल, शेकोटी नको. नोव्हेंबरनंतर गवत काडेपेटीसारखं असतं, आणि जाळाकडे एकदा पाहिलं की डोळ्यांनी कमावलेला अंधार गेला.

डोळे आणि आभाळ

सूर्य मावळल्यापासून पुरता काळोख व्हायला सव्वा तास लागतो. डोळ्यांना अंधार सरावायला 20 ते 30 मिनिटं, आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती सगळी वाया घालवतो. बॅटरीच्या तोंडावर लाल पतंगाचा कागद तीन-चार पदरी करून रबर लावा. मोबाइल वापरायचाच असेल तर पडद्यावर तसाच कागद. गाडीच्या आतला दिवा बंद करून ठेवा, दार उघडताच तो लागतो हे सगळे विसरतात.

हात लांब करून आवळलेली मूठ म्हणजे आभाळातले सुमारे 10 अंश. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नवाच्या सुमारास व्याधाच्या (आभाळातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याच्या) खाली, दक्षिण क्षितिजापासून दोन मुठी वर जो ठळक तारा दिसेल तो अगस्ती. मेच्या मध्यात साडेनवाला दक्षिणेला मूठभर उंचीवर त्रिशंकू (चार ताऱ्यांचा क्रूस) उभा असतो, आणि त्याच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. ही जोडी ओळखली की त्रिशंकू चुकत नाही. आकाशगंगेचा गाभा वृश्चिकाच्या शेपटीजवळ: मार्चमध्ये त्यासाठी पहाटे तीन-चारला उठावं लागतं, मेमध्ये मध्यरात्रीनंतर तो चांगला वर आलेला असतो. तेव्हा तो पट्टा ढगासारखा दिसतो. ढग म्हणून कंटाळून झोपलेले लोकही आहेत. उल्कांसाठी 13-14 डिसेंबरची रात्र धरा, दहानंतर, चंद्र नसेल तर. ऑगस्टमधल्या उल्कावर्षावाची बातमी पेपरात येते, पण आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

दुर्बीण 7×50 किंवा 10×50 पुरे (पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). दहापटीची हातात थरथरते, म्हणून आडवे होऊन कोपरं छातीला टेकवा. नोव्हेंबरात नऊ-साडेनऊला डोक्याच्या जरा उत्तरेला देवयानी तारकासमूहातली दीर्घिका (गॅलेक्सी) पाहा. तिच्यावर रोखून न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली तर ती जास्त स्पष्ट होते, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यात नसतात. मोबाइलने फोटो काढायचा तर तिपाई, आयएसओ 1600 ते 3200, शटर 15-20 सेकंद उघडं, तीन सेकंदांचा टायमर. शटर 20 सेकंदांहून जास्त वेळ उघडं ठेवलं तर तारे रेघा होतात.

आवाज

पहिला तास फक्त ऐका. टिटवी ओरडली की जमिनीवर काहीतरी चालतंय. ‘चक-चक-चक’ असा एका लयीतला आवाज रातव्याचा. कोल्हे सांजेला कोरसात ओरडतात. लांडग्याची हाळी लांबट, एकसुरी, आणि ती ऐकू आली तर नशीब समजा. त्यांच्या मागे जाऊ नका, झोत टाकू नका. धनगराची वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) दिसली तर मात्र लांबूनच वळसा घाला. मेंढरांपाशी राखणीला असलेली कुत्री लांडग्यालाही जुमानत नाहीत, तुमची काय कथा.

साप-विंचू

या भागात फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बहुतेकदा चावल्याचं कळतही नाही. त्यामुळे जमिनीवर पसरून तारे पाहा, झोपा मात्र गाडीत किंवा बाजेवर मच्छरदाणी खोचून. विंचवासाठी अतिनील (यूव्ही) बॅटरी घ्या. तिच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. ताडपत्री टाकण्याआधी एकदा आणि झोपण्याआधी एकदा ती फिरवा, दगडांच्या कडेला विशेष.

दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. तो हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. सर्पविषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे निघण्याआधी विचारून कागदावर लिहून गाडीत ठेवा. माळावर रेंज असेलच असं नाही.

पहाटे बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. मोजेसुद्धा.